बिलावरचे नाव

२६ जुलै २००८ ची संध्याकाळ अहमदाबाद शहर विसरलेले नाही. बाजारपेठा, वस्त्या आणि शेवटी रुग्णालय अशा ठिकाणी एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. ५६ माणसे मृत्युमुखी पडली, दोनशेहून अधिक जखमी झाली. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांच्या कार्यालयांत 'इंडियन मुजाहिदीन' या नावाने एक धमकीचा ई-मेल येऊन पडला होता. तो कोठून निघाला याचा माग काढीत पोलीस पोचले ते थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका सदनिकेच्या दाराशी. तेथे नोकरीनिमित्त भारतात आलेला एक अमेरिकन गृहस्थ बायको-मुलांसह राहत होता. इंटरनेटची जोडणी त्याच्या नावावर होती. ई-मेल त्याच जोडणीवरून गेला होता. संगणक तपासणीसाठी ताब्यात घेतले गेले, चौकशा झाल्या, वर्तमानपत्रांतून त्याचे नाव देशभर झाले. पुढे निष्पन्न झाले ते एवढेच, की या गृहस्थाचा त्या कटाशी काहीही संबंध नव्हता. त्याच्या घरच्या वाय-फायला कुलूप नव्हते आणि कोणीतरी बाहेरून, त्याच्या घरात पाऊलही न टाकता, त्या उघड्या दाराचा उपयोग करून घेतला होता.

हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण २३ ऑगस्ट २००८ रोजी दुसरा ई-मेल निघाला तो माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वाय-फायवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा ई-मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या जोडणीवरून गेला होता. तीन ई-मेल, तीन उघडी दारे, आणि तिन्ही ठिकाणचे मालक निरपराध. या ई-मेलच्या तपासात पोलिसांनी ज्यांना अटक केली, त्यांत पुण्यात नोकरी करणारा एक उच्चशिक्षित संगणक अभियंताही होता. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधण्यासाठी पथके रस्त्यावर उतरविण्याचे जाहीर केले, आणि फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना याविषयी सूचना धाडल्या. अहमदाबादच्या खटल्याचा निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये लागला. ४९ जण दोषी ठरले. सानपाड्याची ती सदनिका मात्र लोकांच्या विस्मरणात गेली. ती आठवावी असे आज वाटण्याचे कारण, तसली घरे आता पुण्यात गल्लोगल्ली झाली आहेत.

पोलीस त्या दाराशीच का गेले, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. जुन्या पुण्यात पोस्टमन पत्र आणून देई ते वाड्याच्या नंबरावर. आत बारा बिऱ्हाडे असोत की वीस, बाहेरच्या जगाला पत्ता एकच. इंटरनेटचेही तसेच आहे. घरात चार मोबाइल, दोन संगणक, एक टीव्ही आणि एक कॅमेरा असा सारा संसार एका राउटरला जोडलेला असतो. पण बाहेरून पाहणाऱ्याला या सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. कोणत्या दिवशी, किती वाजता तो पत्ता कोणत्या ग्राहकाला दिलेला होता, याची नोंद कंपनीच्या दप्तरी असते. त्या पत्त्यामागे प्रत्यक्षात कोणत्या खोलीतला कोणता माणूस बसला होता, हे कंपनीला ठाऊक नसते. ते कळण्याची एकमेव जागा म्हणजे घरातला राउटर. आणि बहुतेक घरगुती राउटर ही नोंद फारशी ठेवीत नाहीत, जी ठेवतात ती वीज गेली की बहुधा पुसली जाते. तेव्हा पोलीस ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्याकडेच येणार. त्यांनी दुसरे करावे तरी काय?

आता पुण्याची घरे पाहा. कोथरूड, कर्वेनगर, विमाननगर, हिंजवडी, कोठेही जा. तीन खोल्यांच्या सदनिकेत चार मुली राहतात, त्यांतल्या एकीच्या नावावर इंटरनेट असते आणि ती लग्न होऊन बंगळूरला गेली तरी जोडणी तिच्याच नावावर चालू राहते. मालक वरच्या मजल्यावर, भाडेकरू खाली, राउटर जिन्यात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले सदाशिव आणि नारायण पेठांत एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात. वाय-फायचा खर्च वाटून घेतात. पुण्यात घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. आपण ती देतो. फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, सारे काही भरून देतो. आणि त्याच संध्याकाळी त्याच भाडेकरूला वाय-फायचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून देतो, ज्याची नोंद कोठेही नसते आणि जो तो खोली सोडून गेल्यावरही बदलत नाही.

माझ्या परिचयातल्या एक निवृत्त शिक्षिका पौड रस्त्याच्या बाजूला राहतात. दोन खोल्या त्यांनी विद्यार्थिनींना दिल्या आहेत. 'काकू, नेट चालत नाही' हे वाक्य त्यांना दिवसातून तीनदा ऐकावे लागे. त्यांनी आधी अधिक वेगाची योजना घेतली, मग नवा राउटर घेतला, तक्रार कायम. शेवटी भाचा आला. त्याने राउटरच्या आत जाऊन जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. घरात मोजून नऊ यंत्रे, यादीत सतरा. चौकशी करता एकेकाचा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी राहून गेलेली एक मुलगी आता शेजारच्याच इमारतीत राहत होती, तिचा मोबाइल आपोआप जोडला जाई. खालच्या इस्त्रीवाल्याच्या मुलाला कोणीतरी दहावीच्या परीक्षेपुरता पासवर्ड दिला होता. समोरच्या सदनिकेतला टीव्ही त्यांचे नेट बंद पडले त्या दिवशी जोडलेला होता तो तसाच राहिला होता. यांत एकही माणूस वाईट नव्हता. पण दोन यंत्रे अशी होती की ती कोणाची हे आजतागायत कळलेले नाही. पासवर्ड बदलला त्या दिवशी नेट सुरळीत झाले, आणि काकूंना पहिल्यांदाच प्रश्न पडला की ती दोन यंत्रे इतके दिवस आपल्या नावावर काय करीत होती?

मला जे सांगायचे आहे ते या सतरा आणि नऊच्या हिशेबात आहे. 'नेट चालत नाही' ही तक्रार आणि 'नेट सुरक्षित नाही' ही भीती आपण दोन वेगळ्या गोष्टी समजतो. पहिल्यासाठी कंपनीला फोन करतो, दुसरीचा विचारच करीत नाही. वास्तविक दोन्हींचे मूळ बहुधा एकच असते: आपल्या घरच्या जाळ्यावर कोण आहे आणि ते जाळे कसे चालते, हे घरात कोणालाच माहीत नसते. जो अर्धा तास खर्च करून आपण संथपणाचे कारण शोधू, त्याच अर्ध्या तासात घराला कुलूपही लागते.

तेव्हा आधी बिघाडाकडे वळू. पेशवाईत कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळाने पुण्यात पाणी आणले होते. त्या नळावर जागोजागी उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून हवा खेळे आणि आत उतरून नळ पाहता, साफ करता येई. हौदात पाणी आले नाही तर शहाणा माणूस हौदाशी भांडत बसत नाही. पाणी कोठवर आले आहे हे उगमाकडून पाहत येतो. इंटरनेटचा बिघाडही असाच टप्प्याटप्प्याने पाहावा. पहिला टप्पा कंपनीपासून आपल्या भिंतीपर्यंतचा. घरात येणारी फायबरची तार ज्या डबीत शिरते तिच्यावर 'एलओएस' अशी खूण असलेला दिवा असतो. तो लाल झाला तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. मग राउटर शंभर वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. तार कोठे दुमडली, उंदराने कुरतडली किंवा रस्ता खोदताना तुटली, हे पाहणे कंपनीचे काम.

दिवा ठीक असेल तर दुसरा टप्पा. संगणक तारेने थेट राउटरला जोडून पाहावा. तारेवर वेग पुरेसा मिळाला आणि हवेतून मिळाला नाही, तर दोष कंपनीचा नव्हे, आपल्या घरातल्या हवेचा. ही एक चाचणी केली तर तक्रारीचे निम्मे फोन वाचतील. तारेवरही वेग नसेल तर मग बिनदिक्कत कंपनीला धारेवर धरावे. हाती पुरावा असतो. तिसरा प्रश्न, अडचण एकाच यंत्राला आहे की सगळ्यांना? एकालाच असेल तर ते यंत्र दोषी, सगळ्यांना असेल तर राउटर, आणि साऱ्या इमारतीला असेल तर कंपनी.

हवेतला दोष बहुधा जागेचा असतो. कंपनीचा माणूस तार जेथून आत येते तेथेच, म्हणजे दाराच्या मागे किंवा चपलांच्या कपाटावर, राउटर ठोकून जातो. तेथून शेवटच्या खोलीपर्यंत तीन भिंती, एक लोखंडी कपाट आणि एक मोठा आरसा ओलांडून लहरींनी जायचे असते. धातू आणि पाणी हे या लहरींचे वैरी. जुन्या वाड्यांच्या हातभर जाडीच्या भिंती तर त्या गिळूनच टाकतात. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि मोकळ्यावर ठेवावा, एवढ्यानेच पुष्कळ घरांतली तक्रार मिटते.

दुसरे कारण गर्दी. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांब पोचते, भिंतीतून जाते, पण तिच्यात जागा थोडी. आपल्याकडे ही पट्टी २००५ साली परवान्यातून मोकळी झाली, म्हणून तर घरोघरी वाय-फाय आले. तिच्यात एकमेकींवर न आदळणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन: १, ६ आणि ११. एका इमारतीत चाळीस राउटर असतील तर त्या तीन वाहिन्यांवर चाळीस जण एकाच वेळी बोलत असतात. लक्ष्मी रस्त्यावर गणपतीच्या आदल्या दिवशी जशी मोटार चालते तसे मग नेट चालते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्टीत गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झची पट्टी ऐसपैस आणि वेगवान, पण तिची धाव कमी. म्हणून राउटरजवळची यंत्रे ५ वर आणि लांबची २.४ वर ठेवावीत. टीव्ही, घरून काम करणाऱ्याचा संगणक अशी एका जागी बसणारी यंत्रे शक्य तर तारेनेच जोडावीत. आणि सिग्नल वाढविणारी स्वस्त डबी घेताना लक्षात ठेवावे, की आलेला निरोप ऐकून तोच पुन्हा बोलून दाखविणारा निरोप्या वेळ दुप्पट घेतो. त्याने पल्ला वाढतो, वेग घटतो.

एवढे करूनही नेट रडत असेल तर काकूंच्या भाच्याने जे केले ते करावे: जोडलेल्या यंत्रांची यादी उघडावी. येथे बिघाडाचा प्रश्न संपतो आणि किल्लीचा सुरू होतो.

मी तीसेक वर्षे बँकेत काढली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात; एकट्याला ती उघडता येत नाही. रजेवर जाताना किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली की वहीत तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. ज्याच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्याच्याही हाती किल्ली देताना ही वही चुकत नाही, आणि कोणी तिला अविश्वास म्हणत नाही. उलट उद्या काही कमी-जास्त झाले तर निर्दोष माणसाला निर्दोष ठरविणारी तीच एक वस्तू असते. घरच्या वाय-फायलाही दोन किल्ल्या असतात, आणि गोंधळ होतो तो येथे, कारण लोकांना त्यांतली एकच माहीत असते.

पहिली किल्ली वाय-फायचा पासवर्ड. तिने जाळ्यात प्रवेश मिळतो. दुसरी किल्ली राउटरच्या व्यवस्थापनाची. तिने जाळ्याचा कारभार हाती येतो, म्हणजे पासवर्ड बदलणे, यादी पाहणे, कोणाला बाहेर काढणे. ही दुसरी किल्ली कारखान्यातून येताना पुष्कळदा 'अॅडमिन' अशीच असते, नावही तेच आणि पासवर्डही तोच. ती साऱ्या जगाला पाठ आहे. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका हल्ल्यात निकामी झाले. हल्ला यशस्वी झाला तो ग्राहकांनी मूळचा पासवर्ड बदललेला नव्हता म्हणून, आणि कंपनीला तो बदला असे लोकांना सांगावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी 'मिराय' नावाच्या दुष्ट प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि राउटर असेच काबीज केले होते. तिच्याजवळ होती ती फक्त साठेक सुप्रसिद्ध नाव-पासवर्डांची यादी. त्या गुलाम यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. घरातल्या कॅमेऱ्याच्या मालकाला याचा पत्ताही नव्हता.

पहिल्या किल्लीची आपल्याकडची तऱ्हा वेगळी. जोडणी देणारा मुलगा विचारतो, 'पासवर्ड काय ठेवू?' आणि आपण सांगतो, 'मोबाइल नंबरच ठेवा, लक्षात राहील.' २०२१ साली इस्रायलमधील एका सुरक्षा संशोधकाने तेल अवीव शहरात फिरून पाच हजार वाय-फाय जाळ्यांचे नमुने गोळा केले आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के जाळ्यांचे पासवर्ड शोधून काढले. कारण तेथेही लोक मोबाइल नंबरच ठेवीत होते. आपला हिशेब मांडू. आपला मोबाइल नंबर दहा आकडी आणि त्याचा पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो. चांगल्या संगणकाला हे काही तासांचे काम आहे, आणि तेही आपल्या दाराशी उभे न राहता, कारण जोडणी होतानाची देवाणघेवाण एकदा टिपून घेतली की बाकीचा खटाटोप तो घरी बसून करू शकतो. शिवाय ओळखीच्या माणसाला तर संगणकही लागत नाही. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. 'तांब्या', 'मंगळूर', 'सायकल', 'तेरडा' असे काहीतरी. लक्षात ठेवायला सोपे, फोडायला अवघड. मुलांची नावे, जन्मसाल, कुलदैवत आणि शिवाजी महाराज यांना मात्र यातून मोकळे करावे.

कुलपाची जातही पाहावी. १९९७ साली वाय-फायबरोबर आलेले 'वेप' नावाचे कुलूप २००१ मध्येच फुटले. तरी पुढे कित्येक वर्षे ते घरोघरी लटकत होते. २००४ पासून 'डब्ल्यूपीए-२' आणि २०१८ पासून 'डब्ल्यूपीए-३' ही कुलपे आहेत. राउटरमध्ये जे सर्वांत नवे मिळेल ते लावावे. बटण दाबून किंवा आठ आकडी क्रमांकाने झटपट जोडणी करून देणारी 'डब्ल्यूपीएस' ही सोय बंद ठेवावी. तिच्यातला दोष २०११ मध्येच उघड झाला आहे. राउटर दूरवरून चालविण्याची सोय लागत नसेल तर तीही बंद करावी, आणि कंपनीने दिलेले सुधारित सॉफ्टवेअर वेळच्या वेळी चढवावे. एक गोष्ट मात्र उगाच करू नये: वाय-फायचे नाव लपविणे. दारावरची पाटी काढली म्हणून चोराला दार दिसायचे राहत नाही.

याच ठिकाणी एक भीतीही दूर केली पाहिजे, कारण सावध माणूस आणि घाबरलेला माणूस यांत फरक आहे. कोणी आपल्या वाय-फायवर शिरला म्हणजे त्याला लगेच आपले बँकेचे खाते दिसते, असे नाही. बँकेच्या ॲपचे आणि संकेतस्थळाचे संभाषण स्वतंत्रपणे कुलूपबंद असते. ज्येष्ठ नागरिकांचे पैसे आज जातात ते बहुधा फोनवरच्या गोड आवाजाला स्वतःच सांगितलेल्या आकड्यांमुळे, वाय-फायमुळे नव्हे. वाय-फाय उघडे ठेवण्यातला खरा धोका वेगळा आहे. दुसऱ्याचे कृत्य आपल्या नावावर चढते. ते कृत्य बॉम्बस्फोटाच्या ई-मेलइतके भयंकर असेलच असे नाही; एखाद्या मुलीला पाठविलेला घाणेरडा निरोप असेल, एखादे खोटे खाते असेल. आपण निर्दोष आहोत हे शेवटी सिद्ध होईलही. पण तोवर घरातला संगणक पोलीस ठाण्यात असतो आणि जिन्यात भेटणारा शेजारी नजर चुकवितो.

यावर कोणी म्हणेल, की हा सगळा कद्रूपणा झाला. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? हा आक्षेप क्षुल्लक नाही. ब्रूस श्नायर हे संगणक सुरक्षेतले जगन्मान्य नाव. त्यांनी जानेवारी २००८ मध्ये एका लेखात सांगितले होते, की मी माझे वाय-फाय मुद्दाम उघडे ठेवतो. आल्यागेल्याला इंटरनेट देणे ही साधी माणुसकी आहे. त्यांचा भरवसा स्वतःच्या संगणकाच्या कुलपावर होता. त्यानंतर सहा महिन्यांनी सानपाडा घडले. जर्मनीत तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० मध्ये निर्णय दिला, की घरचे वाय-फाय कुलूपबंद ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याचा परिणाम असा झाला की लोक आणि उपाहारगृहे वाय-फाय देण्यासच कचरू लागली. अखेर २०१७ मध्ये कायदा बदलून ही जबाबदारी सैल करावी लागली. म्हणजे सताड उघडे ठेवले तर सानपाडा आणि धाकाने बंद केले तर माणुसकीला कुलूप.

पुण्याला या पेचावरचा तोडगा बाहेरून शिकण्याची गरज नाही. या शहरात गरीब मुले वार लावून जेवत शिकली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या घरांचे दार सताड उघडे नव्हते आणि बंदही नव्हते. मंगळवारी कोण जेवायला येतो, तो कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणत्या इयत्तेत, हे त्या घरच्या बाईला ठाऊक असे. दान होते, पण अनोळखी नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा कित्येक घरांनी कामवाल्या मावशींच्या मुलांना आपले वाय-फाय वापरू दिले. तेही असेच वार लावणे होते, आणि त्याचा अभिमानच बाळगावा.

आजच्या राउटरमध्ये त्यासाठी एक सोय असते. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढता येते. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. त्यावरचा माणूस इंटरनेट वापरतो, पण आपल्या घरच्या संगणकांपर्यंत, छपाई यंत्रापर्यंत पोचत नाही. भाडेकरू, पाहुणे, शिकायला येणारी मुले यांना हे जाळे द्यावे; कॅमेरे आणि टीव्हीही तेथेच ठेवावेत. भाडेकरू खोली सोडून गेला की घराची किल्ली परत घेतो त्याच दिवशी हा पासवर्ड बदलावा. अर्थात या वेगळ्या जाळ्यालाही बाहेरच्या जगासाठी पत्ता आपलाच राहतो, हे विसरू नये. म्हणून वहीत नोंद हवीच. नाव, दिनांक, कोणते यंत्र, एवढे पुरे. करारपत्रातली बारीक अक्षरेही वाचावीत, कारण घराबाहेर जोडणी वाटण्याला किंवा विकण्याला कंपनीची हरकत असू शकते. ज्याला पुष्कळांना इंटरनेट पुरवायचे आहे, अशा किराणा दुकानदारालासुद्धा, डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या 'पीएम-वाणी' योजनेने रीतसर वाट करून दिली आहे. तीत वापरणाऱ्याची ओळख पटवूनच जोडणी मिळते.

आता उरतो तो प्रश्न माणसाचा. घरातले दिवाबत्तीचे बिल कोण भरतो, गॅस कोण नोंदवितो हे ठरलेले असते. वाय-फायचा धनी मात्र कोणीच नसतो. ज्या घरांत मुले परदेशी आणि आई-वडील येथे, त्या घरांत तर दोन्ही किल्ल्या जोडणी देणाऱ्या मुलाच्या मोबाइलमध्ये असतात आणि तो मुलगा आता दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. मुलांनी सुट्टीवर आल्यावर महाबळेश्वरला जाण्यापूर्वी एक तास याला द्यावा. दोन्ही पासवर्ड बदलावेत, ते कागदावर लिहून दागिन्यांच्या कपाटात ठेवावेत आणि यादी कशी पाहायची हे आईला शिकवावे. कागदावर पासवर्ड लिहू नये असा उपदेश कार्यालयांसाठी ठीक आहे. घरच्या कपाटातला कागद चोरायला चोराला घरात यावे लागते. सोपा पासवर्ड फोडायला यावे लागत नाही. चार मित्र एकत्र राहत असतील तर ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्याकडे व्यवस्थापनाची किल्ली असावी, आणि तो घर सोडताना बिलावरचे नावही बदलावे. जोडणी दुसऱ्याच्या नावावर केली नाही तर जबाबदारी त्याच्याबरोबर बंगळूरला जाते.

आणि गृहनिर्माण संस्था? त्यांच्या वार्षिक सभेत पार्किंग आणि पाण्याच्या टाकीवर दोन-दोन तास जातात. क्लबहाउसच्या आणि जिन्यातल्या कॅमेऱ्यांच्या राउटरचा पासवर्ड कोणाकडे आहे, तो शेवटचा केव्हा बदलला आणि जुन्या पहारेकऱ्याच्या मोबाइलमध्ये तो अजून आहे का, हे तीन प्रश्न यंदाच्या विषयपत्रिकेवर घालावेत. सचिवांना तिन्ही उत्तरे देता आली तर त्यांचे टाळ्या वाजवून अभिनंदन करावे. देता आली नाहीत तर त्यांना दोष देऊ नये. त्याच सभेत किल्ली कोणाकडे राहील ते ठरवावे, इतिवृत्तात लिहावे आणि घरी जाऊन आपल्या राउटरची यादी उघडावी. घरात यंत्रे किती आणि यादीत किती, एवढी एक वजाबाकी.